सणात विकायचं, बनवायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एक ताई घरी मोत्यांचे दागिने करतात. नथ, तन्मणी, चिंचपेटी, लग्नसराईत मुंडावळ्या. थोरला दुसरीत, धाकटी बालवाडीत, घरात सासूबाई, नवरा रोज लोकलने मुंबईला. गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत ऑर्डरी चालू होत्या, फराळ अर्धा राहिला, घरात धुसफूस झाली. त्या विचारतात, ‘धंदा बरा चाललाय, पण सणाला घर हातातून जातं. तुम्ही वेळ कसा बसवता? की मी दिवाळीच्या ऑर्डरी घेणंच बंद करू?’

ताई, बंद करू नका. नथ-तन्मणी करणाऱ्या बाईची वर्षाची मोठी कमाई गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत येते. ते सोडायचं तर मग उरलेलं वर्ष हौस म्हणून करायचं. पण वेळ बसवण्याचाही नाद सोडा. पहाटे चारला उठणं, भिंतीवर तक्ते लावणं, मुलं झोपल्यावर दोन तास काढणं, हे सगळं आमच्याकडे करून झालंय. त्यातून थोडंफार सुटतं, पण मूळ अडचण वेळेची नाहीच. गिऱ्हाइकाचा सण आणि आपला सण एकाच तिथीला येतो, ही अडचण आहे. तिला गौर यायच्या आत नथ हवी असते आणि त्याच दिवशी तुमच्या दारातही गौरीची पावलं काढायची असतात. तिला पाडव्याला तन्मणी घालायचाय आणि त्याच आठवड्यात तुमची कढई गॅसवर. गौर तिच्यासाठीही थांबत नाही, तुमच्यासाठीही नाही. तेव्हा बनवण्याचं कामच सणाच्या दिवसांतून उचलून बाहेर काढावं लागतं. सणात विकायचं, बनवायचं नाही. मी एवढं एकच धरून चालते आणि पुढचं सगळं त्यातूनच येतं.

बनवायचं कधी? पितृपंधरवड्यात. आपल्या लाइनला इतका उपयोगी काळ दुसरा नाही. गणपती उठले की फोन एकदम शांत होतो. लोक खरेदी करत नाहीत, मुहूर्ताचं कोणी विचारत नाही, पाहुण्यांचं येणं-जाणं नाही, मुलं शाळेत. बायका हा काळ मंदी म्हणून हळहळत घालवतात आणि नवरात्र सुरू झालं की धावायला लागतात. काहींना या दिवसांत नवीन काही हाती घेऊ नये असं वाटतं. त्यांच्या भावनेचा मान ठेवून सांगते, मोती ओवणं हे रोजचं पोटाचं काम आहे, शुभकार्य नव्हे. कच्चा माल मात्र गणपतीच्या आधीच भरून ठेवा, म्हणजे पंधरवड्यात खरेदीचा प्रश्नच येणार नाही. तुम्हाला मुंबईतलं भुलेश्वर सोयीचं, पुण्यात आम्ही रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जातो. मोती, तार, खडे, तन्मणीची खोडं म्हणजे मधली पदकं, गोंडे सगळं एका खेपेत आणायचं. मोती तर एकाच लॉटचे घ्या. अर्धे आता आणि अर्धे महिन्याने घेतले की रंगात फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही, घरी दोन सर शेजारी ठेवले की लगेच कळतो.

यंदा तिथींचं गणितही बरं आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ८ नोव्हेंबरला आहे. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर घट बसेपर्यंत पंधरा दिवस हातात येतात. रोज तीन तास धरले तर पंचेचाळीस तास. तुमचा हात किती चालतो ते घड्याळ लावून एकदा बघाच, अंदाजाने सांगू नका. समजा साध्या नथीला अर्धा तास, तन्मणीला पाऊण, चिंचपेटीला दोन तास लागत असतील. मग चाळीस नथी, बारा तन्मणी आणि सहा चिंचपेट्या मिळून एक्केचाळीस तास झाले. उरलेल्या चार तासांत किमतीचे टॅग, फोटो आणि डब्या. दिवाळीला तुमच्याकडे विकायला काय आहे, याचं उत्तर एवढं. एकेचाळिसावी नथ हवी असेल तर ती रात्रीतून काढावी लागेल, आणि ती काढायची नाही.

इथे तुम्ही म्हणाल, प्रत्येकीला वेगळं हवं असतं, तयार माल कोण घेणार? पण ‘मला वेगळं हवं’ याचा अर्थ बहुतेक वेळा फार मोठा नसतो. कुणाला गुलाबी खडा हवा असतो, कुणाला हिरवा. कुणाचं नाक टोचलेलं नसतं म्हणून दाबाची नथ हवी असते. कुणाला तन्मणी जरा आखूड हवा असतो. एवढ्यासाठी अख्खा दागिना ऑर्डरवर करायची गरज नाही. माल अर्धतयार ठेवा. तन्मणीचे सर ओवून, टोकं बंद करून, दोन लांबींत टांगून ठेवायचे. खोड वेगळं. ऑर्डर आली की तिला हवं ते खोड अडकवायचं, मागे गोंडा लावायचा, दहा मिनिटांत दागिना डबीत. नथीचंही तसंच. मोत्यांचा घेर आधी बांधून ठेवता येतो, मधला खडा आणि मागचा दाब शेवटी. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्यासाठी मुद्दाम केलं, आणि ते खोटंही नाही. फक्त सीझनला नमुने कमी ठेवा. पेशवाई, बानू, एखादी कारवारी, बास. बाकीचे प्रकार फोटोत दाखवले की कोणीतरी नेमका तोच मागतं.

हे काम मुलांच्या मध्ये बसून करायचं असतं, म्हणून कोणतं काम कधी काढायचं हेही बघावं लागतं. नथ बांधताना बारीक तारेचा ताण डाव्या हाताच्या चिमटीत धरलेला असतो. प्रत्येक मोत्याला वेढा, मग पुढचा मोती. मध्येच ‘आई, शी झाली’ अशी हाक आली आणि तुम्ही हात सोडून उठलात की वेढे सैल पडतात, मोती स्वतःभोवती फिरायला लागतो आणि परत घट्ट करायला गेलात तर तार तुटते. म्हणून नथ शाळेच्या वेळेतच. चिंचपेटीच्या सरी पट्ट्यांच्या भोकांतून एकत्र पुढे न्यायच्या असतात. ती मध्ये सोडता येते, पण प्रत्येक सरीच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून ठेवला तर. तन्मणीचे सर ओवणं, मोती मापाने निवडणं, गोंड्यांच्या दोऱ्या कापणं, ही कामं दिवाणखान्यात गप्पा मारत होतात. दुपारच्या मालिकेसमोर सासूबाईंच्या शेजारी बसून मी ढीगभर सर ओवलेत. डोळे दुखायला लागले की ते काम नथीचं नाही एवढं ओळखायचं. रात्री अकरानंतर बांधलेली नथ सकाळी उजेडात बघवत नाही.

धाकटी बालवाडीत आहे म्हणालात, म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी करायला सांगते. चुंबकाच्या नथी करत असाल तर ते चुंबक घरात मुलांच्या उंचीवर कधीही ठेवू नका. मोती गिळला तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतो. पण दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटू शकतं. असं झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. मी चुंबकाच्या नथी करतच नाही. दाबाची नथ नीट बसवली तर तीच जास्त चालते. बाकी सामानाला झाकणाचे डबे आणि ते सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत. डायनिंग टेबलवर काम मांडायचं नाही, कारण ते दिवसातून तीनदा उचलावं लागतं आणि चौथ्यांदा तुम्ही उचलत नाही. मग चकलीच्या भाजणीत मोती सापडतो आणि सासूबाई तो दहा वर्षं सांगतात. घडीचं छोटं टेबल घ्या, वर स्टीलचं ताट, ताटात मखमलीचा तुकडा. मोती घरंगळत नाही आणि उठताना ताट तसंच ट्रंकेत जातं.

आता ऑर्डर बंद करण्याच्या तारखा. या तिथीने ठरवा, कारण गिऱ्हाईकही तिथीनेच बोलतं. मोजमाप देऊन करायच्या ऑर्डरी घटस्थापनेला बंद. अर्धतयारातून जुळवून द्यायचं ते दसऱ्यापर्यंत. त्यानंतर फक्त जे डबीत आहे ते. शेवटचं पार्सल वसुबारसेच्या दोन दिवस आधी. त्यानंतर कुरियरवाला ‘उद्या पोचेल’ म्हणतो तेव्हा त्याच्या गोडाऊनमध्ये मिठाईचे आणि कपड्यांचे डोंगर असतात, आणि शिव्या तुम्ही खाता. दसऱ्याची तारीख एवढी ताणून का धरायची, तर दसरा ते वसुबारस या दोन-अडीच आठवड्यांत घरातली चार कामं एकावर एक येतात. थोरल्याची सहामाही, साफसफाई, कपडेखरेदी आणि फराळ. यात पाचवं काम तुमच्या हाताचं असलं की कशाला तरी कात्री लागते. आणि ती प्रत्येक वेळी मुलाच्या अभ्यासाला लागते, कारण गिऱ्हाईक फोन करतं, मुलगा करत नाही.

बाहेर माल पाठवत असाल तर ते गणित वेगळं आहे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे दिवाळीचे कार्यक्रम तिथल्या शनिवार-रविवारी होतात, कधी कधी दिवाळीच्या आधीच. शिवाय २०२५च्या ऑगस्टअखेर तिकडे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी गेली आणि आपल्या टपाल खात्याने मध्यंतरी काही आठवडे तिकडची बुकिंग थांबवली होती, तीही ऐन सणाच्या तोंडावर. तेव्हापासून मी तिकडच्यांना श्रावणातच विचारते. शुल्क कोण भरणार तेही त्याच वेळी बोलून घ्यायचं. श्रावणात ठरलं नाही तर त्या वर्षी नाही.

‘घरीच तर करता ना, दोन दिवसांत द्या की’ असं म्हणणारी भेटणारच. तिच्याशी वाद घालू नका. व्हॉट्सॲपवर मेसेज तयार ठेवा: ‘नमस्कार, दिवाळीसाठी ऑर्डरप्रमाणे दागिने घेणं घटस्थापनेला बंद झालं आहे. तयार दागिन्यांचे फोटो सोबत पाठवते. यातलं निवडल्यास पुढच्या पार्सलच्या दिवशी निघेल. बाकी ऑर्डर तुळशीच्या लग्नानंतर घेईन.’ कारण द्यायचं नाही. मुलाची परीक्षा आहे, सासूबाईंना बरं नाही, असं कारण दिलं की समोरची त्यावर तोडगा सुचवते. ‘बरं मग परवा द्या.’ नुसती तारीख सांगितली की तिच्याकडे बोलायला काही उरत नाही. दुपटीने पैसे देते म्हणाली तरी तेच. मीही अर्जंटचे जादा पैसे घ्यायचे, ते आता घेत नाही, कारण ते आकारले की आपल्या रात्रीला एक भाव ठरतो आणि लोक तो भाव मोजायला तयार होतात.

नातेवाइकांचं कोडं मेसेजने सुटत नाही. चुलत सासूबाईंना तीन नथी हव्यात, त्यांच्या भाचीला एक, आणि पैशांचं नाव कोणी काढत नाही. माझा उपाय असा: भाऊबीजेला ओवाळणीबरोबर द्यायचे चार-सहा नग पितृपंधरवड्यातच बाजूला काढते आणि ते माझ्या मनाने देते, मागून कोणाला नाही. त्यावर जो मागेल त्याला भाव सांगायचा, हवं तर मजुरी सोडून. पण भाव सांगायचाच. पहिल्या वर्षी तोंडं वाकडी होतात, दुसऱ्या वर्षी त्याच बाई शेजारणीला घेऊन येतात.

आता घरातल्या धुसफुशीबद्दल. तुम्ही त्यात सासूबाईंचा उल्लेख दोनदा केलात, म्हणून बोलते. मोठ्यांना खटकतो तो बहुतेक वेळा धंदा नसतो, फोन असतो. सून दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली दिसते. ती गिऱ्हाइकाला तन्मणीची लांबी सांगतेय हे त्यांना कुठून कळणार? ऑर्डरी वहीत उतरवा. साधी दोनशे पानी वही, नाव, काय हवं, कधी द्यायचं, किती आले, किती बाकी. ती वही टीव्हीशेजारी उघडी असू दे. आमच्याकडे काम घरच्यांना कळायला लागलं ते वहीमुळे. आज चार पार्सलं आहेत हे सगळ्यांना न सांगता कळतं. लक्ष्मीपूजनाला ती वही आणि आपली पक्कड पाटावर ठेवा. दुकानदार वहीपूजन करतो, आपण का नाही? मात्र सासूबाईंना लगेच मोती निवडायला बसवू नका. त्यांना आवडलं तर त्या स्वतः हात घालतात. नाही आवडलं आणि तुम्ही सांगितलं, तर तो तुमच्या धंद्याचा बोजा होतो आणि मग चकलीच्या मोत्यासारखा तोही मोजला जातो.

नवऱ्याला मात्र काम वाटून द्या, आणि ते पूर्ण द्या. पॅकिंग आणि कुरियर त्यांचं. पत्ते लिहिणं, डबीत कागद भरणं, बबल रॅप, पावत्यांचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवणं, सगळं. रोज लोकलने येतात म्हणजे कामाच्या दिवशी रात्रीच वेळ, म्हणून पार्सलं आठवड्यातून दोनच दिवस काढायची, गुरुवार आणि रविवार असं काहीतरी ठरवून. पॅकिंग तुम्ही केलं असतं तर कदाचित जास्त नेटकं झालं असतं. सोडून द्या. माल फुटला नाही म्हणजे झालं.

फराळ सगळा घरी व्हायलाच हवा का? माझं स्पष्ट मत, नाही. एक पदार्थ घरचा करा, जो मुलांना आणि सासूबाईंना आवडतो तो, आणि त्यासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. त्या दिवशी मोत्याला हात लावायचा नाही. बाकीचं जवळच्या बचत गटाकडून किंवा करून देणाऱ्या ताईंकडून घ्या, आणि त्यांनाही ऑर्डर दसऱ्यालाच द्या. त्यांची अवस्था आपल्यासारखीच असते. घरचं म्हणून विकत घेतलेलं ताट दाराआड लपवून ठेवण्यात अर्थ नाही. धंद्याच्या पैशातून फराळ आला हे घरात मोकळेपणाने सांगावं. मुलांना त्या दिवसांत आई लागते ती किल्ल्यासाठी. विटा लावायला, माती कालवायला, आळीव पेरायला. फराळाचे डबे ती मोजत बसत नाहीत. फक्त आळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरावा लागतो, नाहीतर किल्ला टकला राहतो आणि त्याचं खापर थेट आईवर.

हाताखाली बाई घ्यायची असेल तर श्रावणात शिकवा. नवरात्रात नवीन बाईला तार धरायला शिकवणं म्हणजे आपलंही काम जातं आणि तिचंही. नगावर मजुरी ठरवा, आधी फक्त ओवणी द्या. श्रावणात मंगळागौरीच्या नथी जातात, त्यावर तिचा हात बसतो. प्रदर्शनाचंही तेच. दिवाळीच्या आदल्या शनिवार-रविवारचा स्टॉल दिसायला मोहाचा असतो, पण त्यात भाडं, ने-आण, दोन दिवस उभं राहणं आणि मागे घर उघडं. मुलं लहान आहेत तोवर श्रावणातलं एखादं छोटं प्रदर्शन करा, तिथे मिळालेले नंबर दिवाळीला कामी येतात.

एक गोष्ट तर मी सोडूनच दिली, संक्रांतीचे हलव्याचे दागिने. मागणी भरपूर, नव्या सुनांसाठी आणि बोरन्हाणाला. पण तो हलवा दमटपणा सोसत नाही, मुंग्या येतात, आणि मुलं माल खातात. दिवाळी, लग्नसराई, संक्रांत असं सगळं धरलं तर वर्षात मोकळा महिना उरत नाही. तुम्हाला नथ सोडून हलवा धरायचा असेल तर जरूर धरा, पण दोन्ही नको.

चिकटवण्याबद्दल राहिलं. बी-७००० सारखा गोंद वरून लवकर सुकल्यासारखा वाटतो, पण आतून पूर्ण पक्का व्हायला एक ते दोन दिवस लागतात. आज खडा बसवला आणि आजच पार्सल केलं तर तो वाटेत डबीतच सुटतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तुम्हाला त्याचा फोटो येतो. अर्धतयार मालाचे खडेही म्हणून आधीच आपापल्या कोंदणात चिकटवून ठेवा, गुलाबी वेगळे, हिरवे वेगळे, म्हणजे ऐन वेळी फक्त अडकवायचं राहतं. गोंदाचं काम खिडकी उघडून आणि मुलं झोपलेली नसतील अशा खोलीत.

भाऊबीजेनंतर चार दिवस काहीच घेऊ नका. मग दुरुस्त्या येतात. नथीचा दाब सैल झालाय, गोंडा उसवलाय, एक मोती गेलाय. त्यांना नाही म्हणू नका, पण रोज एकेक करत बसू नका. एकाच दिवशी सगळ्या काढायच्या. तुळशीच्या लग्नापर्यंत एवढंच काम. त्यानंतर मुंडावळ्यांचे फोन सुरू होतात. तेव्हा रंग, लांबी, मोत्याचं माप विचारायच्या आधी लग्नाची तारीख विचारा आणि ती वहीत लिहून मगच होय म्हणा.